पीएसपीच्या जुन्या गेमला नवे टेक्स्चर: आधी हॅश ठरवा, मग ब्रश उचला

शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या पेठांतली पोरं फोनवरच्या पीएसपी गेममध्ये आपापल्या तालमीच्या संघाची जर्सी घालायला बसतात. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, ज्याचा जो नाद. मग ठरलेला प्रश्न येतो: “दादा, फाइल टाकली, टिक केलं, तरी जर्सी जुनीच दिसतीय.” जर्सीचं टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूवर चढवलेलं चित्र, रंगवलेलं चांगलं असतं. चुकलेला असतो क्रम. नाव चुकतं, फोल्डर चुकतो, किंवा डंप (गेममधली मूळ चित्रं फाइली म्हणून बाहेर) काढल्यावर सेटिंग बदललेली असते आणि सगळी मेहनत वाया जाते.

हा लेख पीपीएसएसपीपी या इम्युलेटरसाठी, म्हणजे सोनीच्या पीएसपी कन्सोलचे गेम फोनवर किंवा संगणकावर चालवणाऱ्या अॅपसाठी आहे. पैसे देऊन घेतलेली गोल्ड आवृत्ती आणि फुकटची आवृत्ती यांत या कामापुरता काही फरक नाही. दुसऱ्याने केलेला तयार पॅक फक्त बसवायचा असेल तर पायरी १ आणि २ करा, पायरी ५ मधलं ‘रिप्लेस टेक्स्चर्स’ चालू करा आणि शेवटचा बिघाडांचा भाग वाचा. स्वतः पॅक करायचा असेल तर एकही पायरी मागे-पुढे करू नका.

## सुरू करण्याआधी

काम संगणकावर करा, फोनवर फक्त शेवटी चालवून बघा. फोनवर फाइलची नावं बदलत बसणं म्हणजे डोळे फोडून घेणं.

लागणाऱ्या गोष्टी अशा: पीपीएसएसपीपीची ताजी आवृत्ती, चित्र रंगवायला गिंप किंवा कृता, चित्र मोठं करणारं एखादं साधन (रिअल-ईएसआरजीएएन किंवा चेनर), आणि स्वतःच्या डिस्कवरून काढलेली गेमची प्रत. कस्टम फर्मवेअर (सोनीची नव्हे, बाहेरून टाकलेली प्रणाली) असलेल्या पीएसपीत यूएसबीचा पर्याय ‘यूएमडी डिस्क’ असा ठेवून तो संगणकाला जोडला की आतली डिस्क आयएसओ फाइल म्हणून दिसते, ती कॉपी करून घ्यायची. दुसऱ्याकडून आलेल्या आयएसओमध्ये कुणी आधीच फेरफार केलेले असतील तर तुमचे डंप इतरांच्या प्रतीशी जुळणार नाहीत. कायद्याचा मुद्दा आहेच, पण व्यवहारात हाही तितकाच नडतो.

विंडोजमध्ये आणखी एक काम आताच उरका: फाइल एक्स्प्लोररमध्ये फाइलचं एक्स्टेन्शन दिसेल अशी सेटिंग चालू करा. नाहीतर नोटपॅड आयएनआय फाइलला (पॅकच्या सेटिंग्ज लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइलला) मागून गुपचूप टीएक्सटी चिकटवतो आणि ती इम्युलेटरला कधीच सापडत नाही.

## पायरी १: गेमचा ओळख क्रमांक आणि फोल्डर

प्रत्येक पीएसपी गेमला चार अक्षरं आणि पाच आकडे असा ओळख क्रमांक असतो. अमेरिकेतली आवृत्ती यूएलयूएस किंवा यूसीयूएसने सुरू होते, युरोपातली यूएलईएस किंवा यूसीईएसने, आणि जपानी बहुधा यूएलजेएमने. एकाच गेमच्या तीन देशांतल्या आवृत्त्या इम्युलेटरच्या लेखी तीन वेगळे गेम आहेत. कव्हर सारखं दिसलं म्हणून फसू नका. गेमच्या यादीत त्या गेमचं माहितीचं पान उघडा आणि तिथे दिसणारा क्रमांक लिहून घ्या.

आता गेम सुरू करा, मध्येच थांबवा आणि सेटिंग्ज, टूल्स, डेव्हलपर टूल्स असं आत जा. तिथे चालू गेमसाठी टेक्स्चरची आयएनआय फाइल तयार करण्याचं बटण आहे. फोल्डर हाताने बनवू नका, हेच बटण दाबा. पीएसपी फोल्डर, त्यात टेक्स्चर्स फोल्डर आणि त्यात ओळख क्रमांकाच्या नावाचा फोल्डर असा पत्ता बरोबर तयार होतो. विंडोजवर फाइल मेन्यूत मेमरी स्टिक उघडायचा पर्याय आहे, तिथून थेट पोचता येतं. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत पहिल्यांदा अॅप उघडताना तुम्ही स्वतः जो फोल्डर निवडला होता, त्याच्याच आत हे सगळं असतं. बऱ्याच जणांच्या फोनमध्ये पीएसपी नावाचे दोन फोल्डर सापडतात, एक जुना आणि एक चालू. पॅक जुन्यात पडतो आणि माणूस चालू फोल्डरवर वैतागतो.

तपासा: ओळख क्रमांकाच्या फोल्डरच्या लगेच आत आयएनआय फाइल दिसली पाहिजे. तयार पॅकची झिप सोडवली की त्याच नावाच्या फोल्डरच्या आत पुन्हा तेच नाव असा दुहेरी फोल्डर होतो. आतलं सगळं एक पायरी वर आणा.

## पायरी २: चित्राच्या सेटिंग्ज

पीएसपीचा पडदा ४८० बाय २७२ ठिपक्यांचा. रेंडरिंग रिझोल्यूशन एकपटच राहिलं तर टेक्स्चर कितीही बारीक करा, ते त्याच ४८० बाय २७२ च्या चाळणीतून गाळून येणार. चौपट केलं की १९२० बाय १०८८ होतं, म्हणजे साध्या फुल एचडी पडद्यापुरतं. फोन जुना असेल तर दुप्पट किंवा तिप्पट पुरे.

मग हे एवढं बघा:

- रेंडरिंगचा प्रकार व्हल्कन किंवा ओपनजीएल. सॉफ्टवेअर रेंडरिंग चालू असेल तर टेक्स्चर बदलतच नाहीत.
- अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग चालू. तिरकं दिसणारं मैदान, रस्ता, फरशी याने तिथल्या तिथे सुधारते.
- इम्युलेटरची स्वतःची टेक्स्चर अपस्केलिंग पूर्ण बंद.
- लेझी टेक्स्चर कॅशिंग बंद.

एवढं करून गेम थोडा वेळ खेळा. पुष्कळांचं समाधान इथेच होतं आणि पुढचं काम वाचतं. मला विचाराल तर गाड्यांच्या शर्यतीच्या गेमना बहुतेकदा यापुढे जायची गरजच नसते. मेन्यूतली अक्षरं, चेहरे आणि जर्सी, यांच्यासाठी मात्र पुढे जावं लागतं.

## पायरी ३: डंप काढण्याआधी आयएनआय फाइल

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

इम्युलेटर डंपमधल्या प्रत्येक चित्राला २४ चिन्हांचं नाव देतो. त्याचे आठ-आठचे तीन तुकडे. पहिले आठ म्हणजे ते टेक्स्चर पीएसपीच्या मेमरीत कुठे बसलं होतं तो पत्ता. मधले आठ पॅलेटचा, म्हणजे चित्रातल्या रंगांच्या यादीचा हॅश (डेटावरून हिशेबाने काढलेली ओळखखूण). शेवटचे आठ खुद्द चित्राचा हॅश. गेम चालू असताना समोर आलेल्या टेक्स्चरचं नाव इम्युलेटर असंच काढतो आणि त्या नावाची फाइल तुमच्याकडे आहे का ते पाहतो. म्हणजे सगळा खेळ नावाचा आहे, आणि नाव कसं काढायचं ते आयएनआय फाइलच्या ऑप्शन्स विभागात ठरतं. डंप काढल्यावर तिथली पद्धत बदलली की जुनी सगळी नावं बाद.

नव्या फाइलमध्ये हॅशच्या ओळीत ‘क्विक’ असतं. ते काढून एक्सएक्सएच६४ लिहा. क्विक पद्धत घाईची आहे, दोन वेगळ्या चित्रांना एकच नाव मिळू शकतं. हे सगळं फाइलमध्ये इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायचं, हे सांगायला नको.

त्याखाली ‘इग्नोर अॅड्रेस’ची ओळ असते. काही गेम तेच टेक्स्चर दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी ठेवतात, मग एकाच जर्सीच्या डझनभर फाइली डंप होतात. ही ओळ ‘ट्रू’ केली की पत्त्याचे आठ आकडे शून्य धरले जातात आणि गर्दी कमी होते. यासाठी क्विक हॅश चालत नाही, एक्सएक्सएच लागतोच. ‘रिड्यूस हॅश’ सुरुवातीला बंदच असू द्या, ‘इग्नोर मिपमॅप’ चालू (मिपमॅप म्हणजे त्याच टेक्स्चरच्या लहान आकाराच्या प्रती).

आणखी एक विभाग आहे, हॅशरेंजेसचा. पीएसपीची टेक्स्चरं नोंदताना २ च्या घातांत असतात: ६४, १२८, २५६, जास्तीत जास्त ५१२. पडद्याएवढं ४८० बाय २७२ चं चित्र ५१२ बाय ५१२ च्या चौकटीत बसवलेलं असतं आणि उरलेल्या जागेत मेमरीतला कचरा असतो. कचरा बदलला की हॅश बदलतो आणि तेच चित्र नव्या नावाने पुन्हा पुन्हा पडत राहतं. अशा वेळी या विभागात पत्ता, नोंदलेला आकार आणि खरा आकार लिहायचा आणि तेवढी चित्रं नव्याने डंप करायची. हा विभाग पत्त्याच्या भरवशावर चालतो, त्यामुळे तो वापरायचा तर इग्नोर अॅड्रेस बंद ठेवा.

सावधान: दोन-तीन मिनिटांचा नमुना डंप काढून फोल्डर पाहा. एकाच चित्राच्या असंख्य प्रती दिसल्या तर ऑप्शन्स आताच बदला, नमुना पुसा आणि पुन्हा काढा. इथे अर्धा तास गेला तरी चालेल.

## पायरी ४: डंप

डेव्हलपर टूल्समध्ये ‘सेव्ह न्यू टेक्स्चर्स’ चालू करा आणि खेळा. ओळख क्रमांकाच्या फोल्डरमध्ये ‘न्यू’ नावाचा फोल्डर तयार होऊन त्यात पीएनजी फाइली पडायला लागतील. पडद्यावर जे आलंच नाही ते डंप होत नाही. फुटबॉलचा गेम असेल तर जो संघ हवा त्याचा घरचा आणि बाहेरचा असे दोन्ही पोशाख घालून सामना सुरू करा, गोलरक्षक जवळून दिसेल असा रिप्ले बघा, बदली खेळाडू उतरवा. मेन्यूच्या सगळ्या पानांवर एकदा फिरून या.

झालं की टिक काढा. ती तशीच राहिली तर गेम अडखळतो आणि फोल्डर फुगत जातो.

‘न्यू’ फोल्डर आहे तसा दुसरीकडे कॉपी करून ठेवा आणि त्या प्रतीला हात लावू नका. मूळ आकार, मूळ पारदर्शकता, मूळ नाव, यातलं काहीही पुढे अडलं तर तिथेच बघावं लागतं.

## पायरी ५: गुलाल चाचणी

एकही चित्र सुधारण्याआधी ही चाचणी करा.

डंपमधलं सहज ओळखू येईल असं एक टेक्स्चर घ्या, मैदानाचं गवत उत्तम. गिंपमध्ये उघडून ते जोतिबाच्या गुलालासारखं भडक गुलाबी रंगवून टाका. नाव तेच ठेवा, आणि फाइल ‘न्यू’मध्ये नव्हे, त्याच्या एक पायरी वर, आयएनआय फाइलच्या शेजारी ठेवा. ‘रिप्लेस टेक्स्चर्स’ चालू करून गेम पूर्ण बंद करा आणि पुन्हा उघडा.

मैदान गुलाबी दिसलं म्हणजे क्रमांक, फोल्डर, हॅश आणि सेटिंग हे सगळं जुळलं. नाही दिसलं तर दोष या चारातच आहे, आणि गुलाबी गवत दिसेपर्यंत पुढे सरकण्यात अर्थ नाही. ‘न्यू’ फोल्डरमध्येच फाइल रंगवणं ही इथली नेहमीची चूक. तो फोल्डर फक्त डंप पडण्यासाठी आहे, बदली चित्र तिथून उचललं जात नाही.

## पायरी ६: छाटणी

डंपमध्ये ढिगाने फाइली असतात आणि सगळ्या मोठ्या करायच्या नसतात. धूर, सावली, प्रकाशाचे गोल डाग, रंगाच्या फिकट होत जाणाऱ्या पट्ट्या हे मुळातच धूसर असायला हवं. ते तसंच सोडा. उरलेल्यांचे चार ढीग करा: अक्षरं आणि मेन्यू, माणसं (चेहरे, जर्सी), जमीन आणि भिंती, बाकीचं. काम याच क्रमाने करा. खेळताना नजर स्कोअरच्या अक्षरांवर सतत असते, प्रेक्षकांच्या गॅलरीकडे कुणी बघत नाही.

## पायरी ७: मोठं करणं

पट नेहमी पूर्णांकात घ्या. २५६ बाय १२८ चं चित्र चौपट केलं की बरोबर १०२४ बाय ५१२. हजार बाय पाचशे नको. एका पानावर दहा वस्तू असतील तर त्या जिथे आहेत तिथेच राहायला हव्यात, कारण गेम जागेच्या हिशेबाने कापून घेतो. जर्सीचं टेक्स्चर पुढची बाजू, पाठ आणि बाह्या असे सपाट पसरलेले तुकडे असतं. बाही सरळ दिसावी म्हणून ती थोडी सरकवली की मैदानावर शिवण खांद्यावरून छातीवर येते.

आता एआय साधनांबद्दल. गवत, दगड, लाकूड, कापड यांवर ती छान चालतात. तीन ठिकाणी मात्र माती करतात.

पारदर्शकता. बरीच मॉडेल फक्त रंग मोठे करतात, पारदर्शकतेचा थर हरवतो किंवा ओबडधोबड होतो. झाडाची पानं, गोलची जाळी, केस यांच्याभोवती काळी-पांढरी किनार येते ती यामुळे. चेनरमध्ये रंग आणि अल्फा (पारदर्शकतेचा थर) वेगळे काढून, दोन्ही मोठे करून पुन्हा जोडता येतात. गिंपमधून पीएनजी काढताना पारदर्शक ठिपक्यांचे रंग जपण्याचा एक छोटा चौकोन असतो, त्यावर टिक हवीच.

जुळणाऱ्या कडा. गवताचं एक टेक्स्चर शेजारी शेजारी मांडून मैदान होतं. ते एकटंच मोठं केलं तर कडा जुळत नाहीत आणि मैदानावर फरशीसारख्या रेषा उमटतात. आधी तेच चित्र तीन बाय तीन असं नऊ वेळा मांडा, ते सगळं मोठं करा आणि मधला तुकडा कापून घ्या.

अक्षरं. एआय लहान अक्षरांचा अंदाज बांधतं आणि भलतंच काहीतरी काढतं. हा ढीग त्याच्याकडे देऊच नका.

तपासा: मूळ आणि नवं चित्र शेजारी ठेवून दोन्हींची पारदर्शकता पाहा. मूळ चित्र पूर्ण अपारदर्शक असेल तर नवंही तसंच हवं. फाइल दर रंगाला ८ बिट अशी पीएनजी असावी. जेपीजीचं नाव बदलून पीएनजी होत नाही.

## पायरी ८: अक्षरं आणि जर्सी हाताने

मूळ चित्र चौपट करून गिंपमध्ये तळाचा थर म्हणून ठेवा, अर्धवट फिकट करा आणि त्याच्यावर नव्याने लिहा. फॉन्ट मिळताजुळता घ्या, पण प्रत्येक अक्षराची रुंदी मूळ चौकटीतच राहू द्या. इंग्रजी ‘आय’ची चौकट अरुंद असते आणि रुंद फॉन्ट घेतला की शेजारच्या अक्षराची शेपटी त्यात शिरते. बटणांची चिन्हं (त्रिकोण, गोल, फुली, चौकोन) वेक्टरमध्ये काढून ठेवलीत तर पुढच्या गेमलाही कामाला येतात.

जर्सी करताना कापडाच्या सुरकुत्या आणि सावल्यांचा थर वेगळा ठेवा, खाली फक्त रंग बदला. सपाट रंगाची जर्सी मैदानावर प्लास्टिकच्या पिशवीसारखी दिसते. नंबर जर्सीवरच आहे की वेगळ्या टेक्स्चरवर, हे डंपमध्ये बघून घ्या. वेगळा असेल तर जर्सीवर नंबर रंगवू नका, मैदानावर दोन-दोन नंबर दिसतील.

## पायरी ९: नावं जोडणं

मूळ नावाच्या फाइली आयएनआय शेजारी ठेवल्या तर त्या तशाच चालतात. पण थोड्याच दिवसांत कोणती फाइल कशाची हे तुम्हालाच कळेनासं होईल. म्हणून उपफोल्डर करा आणि आयएनआयच्या हॅशेस विभागात एकेक ओळ लिहा: डावीकडे २४ चिन्हांचं नाव, बरोबरचं चिन्ह, उजवीकडे फाइलचा पत्ता. उपफोल्डरसाठी पुढे झुकलेली तिरपी रेघ वापरा, विंडोजची मागे झुकलेली नाही. नावांत सगळी अक्षरं छोटी, मोकळी जागा नाही, मराठी नावंही नाहीत. विंडोजला मोठ्या-छोट्या अक्षरांचा फरक पडत नाही, इतर काही ठिकाणी पडतो. संगणकावर चालणारा पॅक दुसरीकडे अर्धवट चालतो तो यामुळेच.

पॅलेटचा सापळा मुद्दाम सांगतो. पीएसपीत एकच चित्र वेगवेगळ्या पॅलेटने रंगवलेलं असू शकतं: चित्राचा हॅश तोच, मधले आठ आकडे वेगळे. ते मधले आठ आकडे शून्य लिहिले तर कुठल्याही पॅलेटला तुमचं एकच चित्र लागतं. चमकणाऱ्या मेन्यूसाठी, जिथे पॅलेट क्षणाक्षणाला बदलते, हे वरदान आहे. जर्सीला हाच उपाय केलात आणि गेमने दोन संघांना एकच चित्र दोन पॅलेटने दिलेलं असेल, तर डर्बीच्या दिवशी दोन्ही संघ एकाच जर्सीत उतरतील. जर्सीसाठी प्रत्येक पॅलेटची ओळ वेगळी लिहा.

राहिलेली टेक्स्चरं शोधायची असतील तर ‘रिप्लेस’ आणि ‘सेव्ह न्यू’ दोन्ही चालू करून, रिकाम्या ‘न्यू’ फोल्डरसह खेळा. ज्यांना बदली चित्र नाही तेवढीच आत पडतील.

## पायरी १०: वजन कमी करणं आणि फोनवर नेणं

२०४८ बाय २०४८ चं एक चित्र उघडल्यावर मेमरीत १६ एमबी घेतं, मग पीएनजी फाइल डिस्कवर कितीही लहान दिसो. अशी ६४ चित्रं एकदम लागली की एक जीबी गेला. म्हणून फोनसाठी सगळं चौपट करू नका. अक्षरं चौपट, बाकी दुप्पट, हे प्रमाण मला पटतं.

काम पूर्ण झाल्यावरच चित्रं केटीएक्स२ प्रकारात बदला. बेसिसयू नावाचं साधन त्यासाठी आहे, यूएएसटीसी पद्धत निवडा. तेच १६ एमबीचं चित्र मग सुमारे ४ एमबीवर येतं, आणि पीएनजी उलगडताना बसणारे झटकेही कमी होतात. त्याच वेळी आयएनआयमधली एक्स्टेन्शन बदलायला विसरू नका. पीएनजी प्रती मात्र स्वतःकडे जपा, केटीएक्स२ वर पुन्हा रंगकाम करता येत नाही.

अँड्रॉइडवर टेक्स्चर्स फोल्डरमध्ये नावाआधी टिंब असलेली ‘नोमीडिया’ ही रिकामी फाइल ठेवा. नाहीतर घरच्या लग्नाच्या फोटोंमध्ये शेकडो गवताचे तुकडे दिसायला लागतील.

## तरीही दिसत नसेल तर

काहीच बदललं नाही. ‘रिप्लेस टेक्स्चर्स’ची टिक, मग आयएनआयला चिकटलेलं टीएक्सटी, मग ओळख क्रमांक, मग दुहेरी फोल्डर. याच क्रमाने बघा. तयार पॅक दुसऱ्या देशाच्या आवृत्तीचा असेल तर त्याच्या आयएनआयमधल्या गेम्स विभागात तुमचा क्रमांक आहे का पाहा आणि फाइली तुमच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये ठेवा.

काही चित्रं बदलली, काही नाहीत. नावातलं मोठं अक्षर, उलटी तिरपी रेघ, किंवा ऑप्शन्स बदलण्याआधीचा जुना डंप.

काल चालत होतं, आज चित्र बदललं तरी जुनंच दिसतं. गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, नुसतं पॉझ करून परत येणं पुरत नाही.

क्षणभर जुनं दिसून मग नवं येतं. हा बिघाड नाही. चित्र लोड व्हायला तेवढा वेळ लागतो, केटीएक्स२ केल्यावर तो कमी होतो.

गेम मध्येच बंद पडतो. मेमरी संपली. जमीन आणि भिंतींचा ढीग निम्म्या आकाराचा करून पुन्हा बघा, अक्षरांना हात लावू नका.

पॅक मित्रांना द्यायचा असेल तर ओळख क्रमांकाचा फोल्डर झिप करा, ‘न्यू’ फोल्डर आणि मूळ डंप काढून टाका, आयएसओ चुकूनही आत ठेवू नका, आणि पॅक कोणत्या क्रमांकाच्या आवृत्तीवर तपासला आहे ते झिपच्या नावातच लिहा.